तुला दिसत नाही, असं मी म्हणाले

९ जुलै

दादा,

हाताचे टाके काढले असं तुझ्या शेजारच्या शिंप्याकडून कळलं. अंगठा वळतो का? वहिनीला फोन केला होता, तिने माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. राग आहे, समजतं मला. पण रागाच्या भरात नातं तोडू नये, एवढंच सांगायला लिहिते आहे.

झालं ते वाईटच झालं. पण तूही जरा समजून घे. टिल्लू पंधरा वर्षांचा. बरोबरची ती दोन पोरं, एक लालकेस्या आणि दुसरा गॅरेजवाल्याचा, त्यांनीच त्याला ओढलं. दुपारी तुझं दुकान बंद असतं, मामा जेवायला घरी जातो, मागच्या दाराने शिरायचं, चार गॉगल उचलायचे आणि पळायचं, एवढाच त्यांचा बेत. त्या दिवशी तू घरी न जाता आत बाकावर आडवा झाला असशील हे त्यांना काय ठाऊक? तू धावून आलास, झटापट झाली, कुणाचा तरी धक्का लागला आणि तू काचेच्या कपाटावर पडलास. कुणाचा धक्का ते देव जाणे.

आता कोर्टातलं. टिल्लू घरी झोपला होता असं मी सांगितलं, कारण मला तसंच वाटत होतं. आणि ते दुसरं वाक्य तोंडून निघून गेलं. वकिलाने विचारलं, "तुमच्या भावाने भाच्याला ओळखलं म्हणतात, त्याचं काय?" मी म्हणाले, "चष्मा काढला की त्याला स्वतःची बोटं मोजता येत नाहीत, तिथे भाचा काय ओळखणार?" लोक हसले, त्याला मी काय करू? लोकांचे डोळे तपासणाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर माणसं हसणारच.

आणि शेवटी लालकेस्याने सगळं ओकलंच की. टिल्लूनेही मान हलवली. म्हणजे तुझंच खरं ठरलं. मग आता राग कशाचा?

न्यायाधीश बाईंनी त्याला सुधारगृहात पाठवलं नाही. एक समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा घरी येणार आणि एकट्या टिल्लूशी नाही, आम्हा सगळ्यांशी बोलणार. हे तर भडकलेच. म्हणाले, "चोरी केली पोराने आणि शिकवणी बापाला?" मलाही पटलेलं नाही. दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करून घरी यायचं आणि परक्या बाईपुढे आपली लाज मांडून बसायचं. पण नाही म्हटलं तर पोरगं आत जाईल.

एकदा येऊन जा. नाही जमलं तर निदान वहिनीला फोन उचलायला सांग.

तुझी,
ढमी

२६ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. शिंपी म्हणतो पत्र मिळालं, त्याच्यासमोरच तू खिशात घातलंस. वाचलंस की नाही ते त्यालाही माहीत नाही.

ती बाई येते आहे. आम्ही तिला ताई म्हणतो, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. अंगाने काडी, पायात खेळाचे बूट. पहिल्या दिवशी हे ट्रकच्या किल्ल्या हातात घेऊन दारापाशी बसले होते, जणू आत्ता भोंगा वाजणार आणि निघावं लागणार. टिल्लू भिंतीकडे तोंड करून. मी आपली चहाच्या मागे लागलेली. ताई म्हणाली, "चहा राहू द्या. मला एवढंच सांगा, टिल्लूने काही केलं की या घरात पुढे काय काय होतं?"

आमची चिमी, नऊ वर्षांची, पाय हलवत म्हणाली, "टिल्लूदादा करतो. आई झाकते. मग बाबांना कळतं. मग बाबा मारतात. मग आई बाबांशी बोलत नाही आणि टिल्लूदादाला जास्त वाढते."

ताईने विचारलं, "आई झाकते म्हणजे काय करते?" आणि कार्टीने पाढे म्हणावेत तसं सांगितलं. शाळेला कळवलं की आजी वारली, तेव्हा तो सिनेमाला गेला होता. कुणाची तरी सायकल घरी आली, तेव्हा मी म्हणाले, सापडली असेल. शेजारच्या काकूंचं घड्याळ गेलं, तेव्हा मी त्यांच्याशीच भांडले.

ताई गेल्यावर मी चिमीच्या थोबाडीत दिली. "घरचं बाहेर सांगतेस?" ती रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

पुढच्या खेपेला ताईने विचारलं, "मी गेल्यावर काय झालं?" भिंतीकडून आवाज आला. टिल्लू म्हणाला, "आईने चिमीला मारलं. खरं बोलली म्हणून." एवढ्या आठवड्यांत त्याने बोललेलं ते पहिलं धड वाक्य. ज्याला वाचवायला मी एवढा खटाटोप केला, तोच माझ्याविरुद्ध साक्ष देत होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं.

म्हणून तुलाही एक खरं सांगते. आधीच्या पत्रात लिहिलं की ते वाक्य तोंडून निघून गेलं. तसं नव्हतं. आदल्या दिवशी इस्त्री फिरवताना मी ते जुळवलं होतं. दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि ज्यात लोक हसतील ते ठेवलं.

ढमी

१४ डिसेंबर

दादा,

या महिन्यात ताईचं येणं संपतं. वाटलं नव्हतं, पण तिच्या येण्याची सवय झाली होती.

तिने मोठं असं काही केलं नाही. सगळ्या बारीक गोष्टी. मी आणि हे, दोघांनी टिल्लूला एकच सांगायचं, मी हो आणि त्यांनी नाही असं चालणार नाही. हे गाडीवर असले तरी रोज संध्याकाळी फोन करायचा, आणि फोन मी नाही, टिल्लूने घ्यायचा. पट्टा बंद. त्या दिवशी हे ताईला म्हणाले, "माझ्या बापाने मला फोडून काढलं, मी बिघडलो का?" ताई म्हणाली, "तुमचे वडील आज फोनवर आले तर काय बोलाल त्यांच्याशी?" यांनी हातातल्या किल्ल्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "काही नाही. कधी बोललोच नाही आम्ही."

एक काम मात्र त्यांना फार जड गेलं. रोज पोराचं काहीतरी कौतुक करायचं. पहिल्या दिवशी फोनवर कितीतरी वेळ घसा खाकरला आणि म्हणाले, "तू... आज फोन लगेच उचललास. बरं वाटलं." टिल्लू मला म्हणाला, "बाबा आजारी आहेत का?" चिमी हसून हसून लोळली. मीही हसले. आमच्या घरात चौघे एका वेळी हसलो असं कधी झालं होतं, आठवत नाही. चौथे फोनवर होते, तरी मोजायचेच.

टिल्लू शाळेत जातो. लालकेस्या नाक्यावर दिसला तर रस्ता बदलतो. हे मी तुला आनंदाने सांगणार होते. पण ताईने परवा विचारलं, "अजून कुणाला सांगायचं राहिलं आहे का?" मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही.

राहिलं आहे, दादा. त्या दुपारी मी घरीच होते, सुट्टी होती. टिल्लू आला, घामाने निथळत. शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. त्याला कुठे लागलं नव्हतं, मी हात वर करून पाहिलं. त्याचा शर्ट काढून घेतला. गार पाणी, मीठ, मग साबण. गरम पाणी घातलं तर डाग धरतो, हे लाँड्रीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शर्ट दोरीवर घातला आणि मग त्याला विचारलं, "कुणाचं आहे?" तो म्हणाला, "मामाचं."

आधी धुतलं, मग विचारलं. तू त्या वेळी दुकानात हात धरून बसला होतास आणि मी बाही चोळत होते. कळल्यावरही तुझ्याकडे आले नाही, संध्याकाळी आले, लोकांबरोबर, पदर तोंडाला लावून. आणि पुढे कोर्टात सांगितलं की तो झोपला होता.

धक्का त्यानेच दिला. तू म्हणालास तसंच.

उत्तर मागायचं तोंड मला नाही.

ढमी

२२ एप्रिल

दादा,

सव्वा वर्षानंतर लिहिते आहे. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून.

ताईचं येणं थांबल्यावर वर्षभर बरं चाललं. मग यांना लांबचा मार्ग मिळाला, पंधरा-पंधरा दिवस घरी नाहीत. संध्याकाळचे फोन एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग नावाला. मला लाँड्रीत दुसरी पाळी लागली. कुणी ठरवून काही सोडलं नाही. भिंतीला ओल येते तसं झालं, एक दिवस हात लावला तर पोपडा हातात.

गेल्या मंगळवारी जिन्याखाली एक स्कूटर दिसली, वर आमची जुनी सतरंजी टाकलेली. टिल्लूला विचारलं. म्हणाला, "मित्राची आहे." मी म्हणाले, "लालकेस्याची?" तो जवळ आला. आता माझ्याहून दीड वीत उंच आहे, टिल्लू म्हणायला लाज वाटावी असा. म्हणाला, "आई, दोन दिवस. कुणी विचारलं तर सांग, आतेभावाची आहे. परवा जाईल."

खरं सांगू? माझं तोंड उघडलं होतं. सोपं होतं. कुणाची, कधी आणली, किती दिवस राहणार, सगळं माझ्या डोक्यात आपोआप जुळत चाललं होतं, जणू कापडावर इस्त्री फिरते आहे. तेवढ्यात पाहिलं तर चिमी पायरीवर उभी. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

मी ताईला फोन केला. ताई कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याला घेऊन आली. टिल्लूने आरडाओरडा केला नाही. चपला घालताना मात्र म्हणाला, "मामाला खोटं पाडताना तुला माझी आई व्हायचं होतं. आता नको झालं?"

त्याला सहा महिन्यांसाठी सुधारगृहात ठेवलं आहे. चाळीस मुलं, लांब खोली, लोखंडी खाटा. हे परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच बोलले, "पोटच्या पोराला धरून दिलंस." शेजारच्या काकू नळावर म्हणाल्या, "अशी आई वैऱ्यालाही नको." त्यांचंच घड्याळ गेलं होतं.

मी ताईला विचारलं, "मग ते सगळं वाया गेलं ना? तुमचं येणं, आमचं बसणं?" ती म्हणाली, "मलाही वाईट वाटलं. पण आधी तो पडायचा तेव्हा तुम्ही जमीनच झाकून टाकत होता. या वेळी तो पडला आणि सगळ्यांना दिसलं. आता तिथे जाऊन बसा. चौघे."

आम्ही जातो. दर शनिवारी. तो समोर बसतो आणि माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलतो. तुला कसं वाटत असेल ते मला आता थोडं कळतं. नाही, चुकले. मी त्याच्याशी खरं वागले म्हणून तो बोलत नाही. तुझ्याशी मी खोटं वागले. दोन्ही एका तराजूत घालण्याचा मला हक्क नाही.

ढमी

३ नोव्हेंबर

दादा,

टिल्लू बाहेर येऊन एक वर्ष उलटलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली कामाला आहे. मिस्त्री तोंडाचा फटकळ, पण शिकवतो. टिल्लू आला की कपाळाला ग्रीस, हाताला ग्रीस, आणि माझ्या टॉवेलांना ग्रीस. माझ्याशी बोलायला लागला तोही त्यावरूनच. एक दिवस विचारलं, "आई, ग्रीसचा डाग कसा जातो?" मी सांगितलं. एवढंच. पण त्या रात्री जेवताना त्याने दुसऱ्यांदा आमटी माझ्याकडे मागितली, चिमीकडे नाही.

हेही बदलले. जवळचा मार्ग मागून घेतला, पगार कमी झाला तरी. मला म्हणाले काही नाही. नव्या वेळापत्रकाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि अंघोळीला गेले.

गॅरेजवाल्याचं पोरगं मोठ्यांच्या तुरुंगात गेलं. त्यांच्याकडेही तेव्हा एक बाई जाणार होती. त्याच्या बापाने तिला दारातूनच परत पाठवलं. आणि लालकेस्या गेला, दादा. चोरीच्या गाडीवर होता, पुलाच्या कठड्यावर आदळला. मी त्याच्या आईला भेटायला गेले. तिने माझा हात धरून विचारलं, "तुम्ही काय केलंत हो वेगळं?" मला सांगता येईना. तिच्याकडे कुणी बाई पाठवलीच नव्हती, तिचं पोर आधी दोनदा पकडलं गेलं होतं म्हणून. ज्या पोराने कोर्टात खरं सांगितलं, ज्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच्या घराचं दार कुणी वाजवलं नाही. तिथून घरी येईपर्यंत मान वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दुकानाच्या रांगेत आले. शिंपी, स्टेशनरीवाला, औषधवाले, कुलूपवाला. एकेकाच्या दुकानात गेले आणि सांगितलं, "माझ्या भावाला त्या दिवशी नीट दिसलं होतं. मी कोर्टात खोटं बोलले." औषधवाले म्हणाले, "अहो जुनी गोष्ट, सोडा." मी म्हणाले, "तुम्ही त्यानंतर त्याच्याकडे चष्मा करायला गेलात का?" त्यांच्या नाकावरचा चष्मा नवा होता, तुझ्याकडचा नव्हता.

तू आतून पाहिलंस मला. वहिनी फ्रेमचा स्क्रू बसवत होती आणि तू शेजारी उभा राहून सांगत होतास, काचेतून आवाज येत नव्हता पण ओठांवरून कळत होतं, "अर्धा फेरा, अजून थोडा." ते काम तू एका हाताने, गाणं म्हणत करायचास. मी पायरी चढले नाही. तू आलास आणि शटर अर्धं खाली ओढलंस. मग थांबलास, आणि पूर्ण ओढलंस.

मला तुझा राग आला नाही. मी तिथेच थोडी उभी राहिले आणि घरी आले.

ढमी

१८ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्राला सव्वा वर्ष झालं. गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली होती. ताईच्या कार्यालयाने पाठवली होती. ज्या घरांत तेव्हा ताया गेल्या, त्या घरांचं पाच वर्षांनी काय झालं ते विचारत हिंडते. तिने सगळं विचारलं. पुन्हा पकडला गेला का, कामाला आहे का, घरात मारहाण होते का, धाकटीचं कसं आहे. चिमी आता चौदाची आहे. तिने सांगितलं, "माझं बरं आहे. मला या घरात कुणासाठी खोटं बोलावं लागत नाही." ती मुलगी लिहिता लिहिता थांबली.

मग तिने टिल्लूला विचारलं, "तुझ्या मते नाती सुधारली?" तो म्हणाला, "घरातली सुधारली." आणि त्या रविवारी तुझ्याकडे आला.

मला त्याने आधी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर सांगितलं, तेही थोडंच. तू त्याला पाणी दिलंस. बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहिलंस. मग लहान पेचकस दिलास आणि एक फ्रेम पुढे केलीस. त्याने स्क्रू दोनदा खाली पाडला, तू शिव्या दिल्यास, तिसऱ्यांदा बसला. निघताना तू म्हणालास, "दर रविवारी ये. आईला आणू नकोस. तू पंधरा वर्षांचा होतास. ती नव्हती."

टिल्लू हे सांगताना चाचरत होता, मला लागेल म्हणून. मी त्याला म्हणाले, "मामाचं बरोबर आहे." आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. वाईट वाटलं म्हणून नाही. इतकी वर्षं मी तुला लिहीत होते आणि मनात हिशेब असा की पोराची चूक मोठी, माझी त्याच्या पाठीमागची. तू एका वाक्यात दोन्ही वेगळ्या केल्यास. माझी मला दिलीस.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. तुम्ही काय बोलता, मी विचारत नाही. निरोप पाठवत नाही, डबा पाठवत नाही. हे पत्रही पोस्टाने टाकते आहे, त्याच्या हाती देणार नाही. त्याच्या तुझ्या मधल्या वाटेवर मला उभं राहायचं नाही.

कालचं मात्र सांगायला हवं. रविवार असून तो उठलाच नाही. शनिवारी कुठल्याशा मोठ्या इमारतीची लिफ्ट अडकली होती, थकून आला होता. जाग आली तेव्हा ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलेलं. अंथरुणातूनच म्हणाला, "आई, मामाला फोन कर ना. सांग, मिस्त्रीने कामावर बोलावलं."

मी फोन घेतला. नंबर लावला, तो मला पाठ आहे. आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं. मग तू उचललास. तो म्हणाला, "मामा, मी... मला झोप लागली."

मी चादरीची घडी घालत तिथेच उभी होते. जायला हवं होतं, नाही गेले. तू एवढ्या जोरात ओरडलास की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "गाढवा, मग आता तरी ऊठ! दोन गिऱ्हाइकं बसलीत, तुझी वाट बघतायत!"

तो शर्टाची बटणं लावत जिना उतरला. पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला, दादा. माझ्यासाठी नव्हता. तरी घडी घालायची सोडून मी तशीच उभी होते.

ढमी